५४व्या वर्षी गाणे शिकताना: सामुदायिक वर्ग की स्वतंत्र तालीम?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सहकारी बँकेतून मी गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझे वय ५४ आहे. शाळेत सातवी-आठवीपर्यंत मी गल्लीतल्या एका बाईंकडे गाणे शिकत होते आणि प्रारंभिकची परीक्षाही दिली होती. पुढे वडिलांची बदली झाली, पेटी (हार्मोनियम) माळ्यावर गेली आणि गाणे फक्त ऐकण्यापुरते उरले. आता हाताशी वेळ आहे, म्हणून ते पुन्हा धरायचे ठरवले आहे. शिकायचे ते ख्यालगायनच; नाट्यगीते आणि भावगीते मला अतिशय आवडतात, पण पाया पक्का झाल्याशिवाय त्यांच्याकडे वळायचे नाही, हे मी मनाशी नक्की केले आहे.

निवृत्तीनंतर एका वर्गात मी सहा महिने गेले. आम्ही चौदा जण होतो, त्यांत दहा-बारा वर्षांच्या मुली बऱ्याच, आणि सर्वांसाठी पेटीवर काळी पाचची एकच पट्टी, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सूर सगळ्यांनी षड्ज धरायचा. मुलींचे गळे तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधारापर्यंत सहज जात. मी तार षड्जाशी पोचेपर्यंत माझी मान वर होई, गळ्याच्या शिरा ताणल्या जात आणि त्यापुढे मी नुसते ओठ हलवत असे. चार महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी आवाज बसू लागला. विचारले तेव्हा "रियाज कमी पडतो आहे, वाढवा," एवढेच उत्तर मिळाले. मी रियाज वाढवला आणि आवाज आणखी बसला. शेवटी वर्ग सोडला. त्या सहा महिन्यांत मला एकटीला गायला लावून कोणी ऐकले, असे एकदाही घडले नाही, आणि ही गोष्ट मला आवाज बसण्यापेक्षा जास्त लागली.

आता घराजवळ, एका जुन्या संस्थेने चालवलेले संगीत विद्यालय आहे. तेथे मंगळवारी आणि शुक्रवारी एक-एक तासाचा वर्ग असतो आणि त्यात आठ-दहा विद्यार्थी असतात. तो वर्ग घेणाऱ्या बाईच आठवड्यातून एकदा ४५ मिनिटांची स्वतंत्र तालीमही देतात. वर्गाचे शुल्क महिना ७०० रुपये आहे, तर स्वतंत्र तालमीचे २,२००. पैशांचा प्रश्न अगदीच नाही असे नाही, पण त्याहून मोठा प्रश्न असा की, माझ्यासारख्या जवळजवळ नव्याने सुरुवात करणाऱ्या व्यक्तीने थेट स्वतंत्र तालीम मागणे योग्य होईल का, की आधी वर्गात बसून काही वर्षे घालवावीत? बाईंना पहिल्याच भेटीत "मला वेगळे शिकवा" म्हणणे उद्धटपणाचे वाटेल का? या वयात गळा तयार होतो का? आणि परीक्षा द्याव्यात की त्यांच्या फंदात पडू नये? ज्यांनी मोठेपणी शिकायला सुरुवात केली आहे किंवा जे शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_वही (डोंबिवली)

ताई, मी गेली २६ वर्षे अशाच एका संस्थेच्या संगीत विद्यालयात शिकवते आहे, वर्गही घेते आणि स्वतंत्र तालीमही देते. त्यामुळे दोन्ही बाजू पाहून लिहिते.

सर्वांत आधी आवाजाविषयी. वर्ग सोडल्यानंतरही आवाज बसलेलाच असेल, किंवा बोलताना घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकत असेल, तर कोणत्याही गाण्याच्या तालमीआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. ते व्यवस्थित आहेत असे कळले, तर तुमच्या त्रासाचे कारण बहुतेक पट्टीतच आहे. काळी पाचचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे २३३ कंपनांचा असतो, म्हणजे तार षड्ज ४६६चा. लहान मुलींना आणि काही तरुण मुलींना तो सोयीचा असतो, परंतु पन्नाशीच्या आसपास, रजोनिवृत्तीच्या काळात, बहुतेक स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो आणि भरतो. हा दोष नव्हे. ते आवाजाचे वयाप्रमाणे बदललेले रूप आहे आणि गाण्यासाठी पुष्कळदा ते अधिक चांगले असते. तुमची पट्टी कदाचित पांढरी पाच असेल, कदाचित पांढरी चार. ती पत्राने ठरत नाही, समोर बसूनच ठरते. मी असे करते: विद्यार्थिनीला 'आ' म्हणत सावकाश खाली उतरायला सांगते, ज्या स्वरावर आवाजात हवा मिसळू लागते त्याच्या वर एक-दोन पट्ट्या सोडून तिचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम धरते, त्यावरून षड्ज काढते आणि मग त्या षड्जाने तार मध्यमापर्यंत मान न उचलता जाता येते का ते पाहते. हे सगळे करायला पंधरा मिनिटे पुरतात. ती पंधरा मिनिटे तुम्हाला सहा महिन्यांत कोणी दिली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौदा गळ्यांच्या वर्गात प्रत्येकाची पट्टी वेगळी धरणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, हेही खरे. म्हणूनच स्वतंत्र तालीम मागण्यात उद्धटपणा नाही. तुम्ही सांगलीच्या आहात, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. आज महाराष्ट्रभर जे संगीत विद्यालयांचे वर्ग दिसतात, त्या पद्धतीचा पाया पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी घातला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि ठरावीक शुल्क, ठरावीक वेळ, ठरावीक अभ्यासक्रम अशी शिस्त घालून गाणे सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत नेले. पण पलुसकर स्वतः जन्मले तुमच्या शेजारच्या कुरुंदवाडला आणि शिकले मिरजेला, पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पुढ्यात बसून. ज्यांनी वर्ग उभा केला त्यांचा स्वतःचा गळा गुरूसमोरच घडला होता. वर्गाने गाणे पसरले, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु गळा घडवायचे काम त्या काळीही समोरासमोर झाले आणि आजही तसेच होते.

आता ४५ मिनिटांत काय व्हावे याविषयी. माझ्याकडे निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ येतात. वर्गात ते भूप राग उत्तम म्हणतात असे मला वर्षभर वाटत होते, कारण त्यांचा सूर इतरांच्या सुरात मिसळून जात असे. एकदा त्यांना स्वतंत्र बसवले आणि नुसता आलाप करायला सांगितला. भूपात गंधारावर थांबायचे असते. हे मात्र प्रत्येक वेळी पंचमावरून धैवतावर जात आणि तेथे रेंगाळत, त्यामुळे स्वर तेच सा, रे, ग, प, ध असूनही भूपाचा देशकार, म्हणजे वेगळाच राग, होत असे. त्यांना ते कधीच कळले नव्हते आणि मलाही वर्गात ऐकू आले नव्हते. पुढचे तीन आठवडे आम्ही एवढेच केले: षड्जावरून रिषभ, रिषभावरून गंधार, तेथे श्वास पुरेल तितके थांबणे, आणि धैवताला फक्त स्पर्श करून परत येणे. बंदिश काढलीच नाही. चौथ्या आठवड्यात गंधार लागला तेव्हा तो त्यांनाच आधी कळला, माझ्याकडे न बघता त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

अशा कामासाठी स्वतंत्र तालीम असते. तेथे जाऊन बाईंच्या मागोमाग बंदिश म्हणायची, वहीत उतरवून घ्यायची आणि घरी यायचे, हे काम वर्गातही होते आणि त्यासाठी २,२०० रुपये देण्याचे कारण नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन तालमींत एवढे बघा: बाई तुम्हाला एकटीला गाऊ देतात का, पेटी बंद करून ऐकतात का, तुमच्यासाठी पट्टी बदलतात का. या तीनही गोष्टी होत असतील तर निश्चिंतपणे शिका. बाईंना पहिल्या भेटीत सरळ सांगा की, "आधीच्या वर्गात माझा आवाज बसला होता, म्हणून आधी माझी पट्टी ठरवून द्यावी आणि काही महिने स्वतंत्र शिकवावे, अशी विनंती आहे." कोणत्याही समजूतदार शिक्षकाला हे ऐकून बरेच वाटेल.

वयाविषयी थोडक्यात लिहिते. मुलांच्या गळ्याची लवचीकता आता येणार नाही आणि द्रुत तानांचा हव्यास धरू नका. ठहराव, श्वासावर ताबा, स्वर लावण्यातील समज आणि शब्दांचा अर्थ मात्र मोठ्या माणसाला लवकर साधतो. रियाज रोज वीस मिनिटांनी सुरू करा, त्यातील निम्मा वेळ मंद्रात घाला, आणि गळा दुखू लागला की त्या क्षणी थांबा.

समेवर (नागपूर)

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. तरीही वर्गाच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटते, कारण मी नेमकी उलटी चूक केली होती. वयाच्या ३९व्या वर्षी मी गाणे सुरू केले आणि पहिली दोन वर्षे फक्त स्वतंत्र तालीम घेतली. सूर बरा झाला, दोन-तीन रागांची ओळख झाली. मग एका गुरुपौर्णिमेला तबल्याबरोबर गायला बसलो आणि पहिल्याच आवर्तनात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सुटली. त्रितालातल्या पुष्कळ बंदिशींप्रमाणे माझी बंदिशही नवव्या मात्रेवरून, म्हणजे 'खाली'वरून (जेथे टाळी न देता हात उघडतात), उठत होती. मला हाताने टाळी-खाली दाखवून ती म्हणता येत होती, परंतु ठेका कानाने ऐकून त्यावर उठणे मी कधी शिकलोच नव्हतो. तालमीत तबलजी नसे, आणि गुरुजी माझ्या चुकीच्या लयीला सांभाळून घेत. एकट्याला शिकवताना असे नकळत होते.

त्यानंतर मी विद्यालयाच्या वर्गातही बसू लागलो. तेथे आठवड्यातून एकदा तबल्याचे शिक्षक येत. आळीपाळीने प्रत्येकाने बंदिशीची अस्थायी (पहिला भाग) उचलायची, उरलेल्यांनी हाताने ताल द्यायचा, एवढाच क्रम. पण दहा जणांच्या चुका ऐकता ऐकता सम कोठे येते ते अंगात उतरले. दुसऱ्याच्या गळ्यातला चढा गंधार आधी ऐकू येतो आणि मग स्वतःच्या गळ्यातला ऐकू येऊ लागतो, हा अनुभव स्वतंत्र तालमीत मिळत नाही. म्हणून माझे मत असे आहे की, ताईंनी पहिले सहा महिने स्वतंत्र तालीम घ्यावी, आवाज सावरावा, आणि त्यानंतर महिन्यातल्या चार तालमींपैकी दोन ठेवून वर्गात जावे. पुष्कळ संस्था अशी सोय करून देतात. विचारायला हरकत नाही.

परीक्षांविषयी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तुम्हाला माहीत आहेतच: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार. त्या वर्षातून दोनदा होतात आणि वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतात. मी प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. त्यांचा मला एक मोठा फायदा झाला, तो असा की, ठरावीक राग, ठरावीक ताल आणि त्यांचे स्वरलेखन हे सगळे एका मुदतीत पुरे करावे लागले, अन्यथा मी यमनमध्येच चार वर्षे राहिलो असतो. तोटाही आहे. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने रागांची यादी संपवण्यात जातात आणि एकेका रागावर रेंगाळता येत नाही. नोकरीसाठी प्रमाणपत्राची गरज नसलेल्या माणसाने घाई न करता, दोन वर्षांतून एक परीक्षा द्यावी, असे मला वाटते. घरी रियाजाला पेटी असेल तर उत्तमच. स्वर पेटीशी मिळवून बघता येतो.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना दाखवले आहे. स्वरतंतू व्यवस्थित आहेत, थोडी सूज होती ती उतरली आहे. बाईंना फोन करून जुनी_वही यांनी सुचवलेल्या शब्दांतच विचारले. त्या म्हणाल्या, "या मंगळवारी अर्धा तास आधी या, आधी आवाज ऐकते, मग शुल्काचे बोलू." आणखी एक विचारायचे राहिले: माळ्यावरची पेटी खाली काढली आहे, पण तिचे दोन-तीन सूर उतरलेले आहेत. रियाजासाठी ती दुरुस्त करून घ्यावी, की तंबोरा घ्यावा? मोबाइलमधल्या तंबोऱ्याचे ॲप पुरेसे होते का?

जवारी (मिरज)

ताई, मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या शेजारी मी लहानाचा मोठा झालो. वाद्य करणे माझा व्यवसाय नाही, पण तंबोरे जुळताना आणि जुळवताना आयुष्यभर ऐकत आलो आहे, म्हणून या एका विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

समेवर यांच्या एका वाक्याशी मी सहमत नाही. पेटी स्वर शोधायला उपयोगी आहे, स्वर लावायला नाही. पेटीचे बाराही सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. हे अंतर ऐकायला अवघड नाही. जुनी_वही यांनी ज्या गृहस्थांची गोष्ट सांगितली, त्यांना गंधार लागल्यावर आपोआप कळला, त्याचे कारण हेच असावे. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसतेच. पहिली पंचमाला, मधल्या दोन जोडाच्या षड्जाला आणि शेवटची खर्जाला, म्हणजे खालच्या षड्जाला, लावतात. तरीही वाद्य नीट जुळले की खर्जाच्या तारेतून गंधार स्वतःहून ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तुमचा गंधार त्याला जाऊन मिळाला की दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि तुमचा आवाज अचानक मोठा झाल्यासारखा वाटतो. पेटीवर हे कधीच होत नाही.

हा गंधार ऐकू येणे जवारीवर, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या घडणीवर, अवलंबून आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अतिशय बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर किंचित घासून कंप पावते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो बोटाने हळूहळू पुढेमागे करत तार छेडत राहिले, की एका जागी आवाज बंद डब्यातल्यासारखा असतो आणि केसभर पुढे सरकवला की तो एकदम उघडतो. हे काम बाईंकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. माझ्या मते तंबोरा जुळवता येणे हीच गाण्याची अर्धी तालीम आहे, कारण ते करताना कानाला सवड मिळते आणि गळ्याला विश्रांती.

तरीही आज लगेच तंबोरा घेऊ नका. पट्टी अजून ठरायची आहे, आणि तंबोऱ्याची लांबी, तारांची जाडी, भोपळ्याचा आकार हे सगळे पट्टीवर ठरते. काळी पाचसाठी केलेला तंबोरा पांढरी चारला लावला तर तारा सैल पडून आवाज मेल्यासारखा येतो. सहा महिने ॲप चालेल, फक्त ते मोबाइलच्या स्पीकरवर वाजवू नका, कारण त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज नीट येतच नाही. घरातल्या बऱ्यापैकी स्पीकरला जोडा. पट्टी पक्की झाली की मग मिरजेला या, सांगलीहून अर्ध्या तासाचा रस्ता आहे. दुकानात जाताना बाईंना बरोबर घ्या आणि कारागिराला पट्टी सांगून त्याच्याकडून तंबोरा समोर लावून घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, याचा आम्हा मिरजकरांना अभिमान आहे. पण मानांकन बघून वाद्य निवडू नये. मांडीवर घेऊन, डोळे मिटून, पाच मिनिटे छेडून निवडावे.

दूरदेशी (न्यू जर्सी)

मी येथल्या एका सामुदायिक संगीत शाळेत पाश्चात्त्य गायनाची स्वतंत्र शिकवणी घेते आणि पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन ख्याल शिकते. अमेरिकेत अशा शाळांची परंपरा जुनी आहे. न्यूयॉर्कची थर्ड स्ट्रीट म्युझिक स्कूल सेटलमेंट १८९४ साली स्थलांतरितांच्या वस्तीत मुलांना परवडेल अशा दरात संगीत शिकवण्यासाठी सुरू झाली. या शाळांमधली एक पद्धत ताईंना उपयोगी पडेल. चुकलेल्या तासाचे काय करायचे, शिक्षक आजारी पडले तर तास भरून मिळतो का, आपण न सांगता गैरहजर राहिलो तर शुल्क जाते का, हे सगळे सुरुवातीलाच लेखी दिले जाते. आपल्याकडे याविषयी बोलायचा संकोच वाटतो आणि मग दिवाळी, लग्नसराई, परीक्षा यांत महिन्यातले दोनच तास होतात आणि दोन्ही बाजूंच्या मनात थोडी अढी बसते. संस्थेच्या कार्यालयात हे विचारून घ्या, म्हणजे बाईंशी पैशांचे बोलणेच करावे लागणार नाही.

आणखी एक. प्रत्यक्ष समोर बसून शिकायला मिळत असेल तर ते कधीही सोडू नका. ऑनलाइन शिकताना आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरुजींबरोबर एका वेळी गाता येत नाही. ते गातात, मी थांबते, मग मी गाते. त्यांच्या स्वरात माझा स्वर मिसळल्याचा अनुभव मला वर्षातून एकदा, पुण्याला आल्यावरच मिळतो. तालीम ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी मात्र पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली)

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते आहे.

पहिल्या मंगळवारी बाईंनी पेटी उघडलीच नाही. कोपऱ्यातला तंबोरा मांडीवर घेऊन त्या आधी जुळवत बसल्या. मला वाटले, माझा वेळ जातो आहे, पण नंतर लक्षात आले की, तेवढ्या वेळात माझा श्वास शांत झाला होता. मग त्यांनी मला खाली उतरायला सांगितले. अखेरीस पांढरी पाच ठरली, म्हणजे आधीच्या वर्गापेक्षा तीन पट्ट्या खाली. त्या पट्टीत तार षड्जाला गेले तेव्हा बाईंनी हनुवटीखाली नुसते एक बोट धरले होते, मान उचलली जाते का ते पाहायला. मान उचलली गेली नाही. सहा महिने ज्या स्वराची मला भीती वाटत होती, तो हाच स्वर आहे यावर माझा विश्वासच बसेना.

शुल्काविषयी कार्यालयात विचारले. तेथे छापील नियम आहेत, फक्त कोणी मागत नाही. महिन्यात चार तास धरतात, बाईंच्या बाजूने चुकलेला तास पुढच्या महिन्यात भरून मिळतो, आपण आदल्या दिवशी कळवले तर एक तास बदलून मिळतो. सहा महिन्यांनंतर दोन तालमी आणि एक वर्ग अशी सोयही करता येईल, असे बाई स्वतःहून म्हणाल्या. शुक्रवारच्या वर्गाला तबलजी येतात. परीक्षेचे त्यांनी पुढच्या वर्षावर टाकले आहे. ध्वनिमुद्रणाला परवानगी दिली, पण एका अटीवर: घरी त्यांचा आवाज ऐकण्याआधी माझा स्वतःचा आवाज ऐकायचा. पहिल्या दिवशी मला तो ऐकवेना. आता ऐकते आणि वहीत लिहून ठेवते की, कोणत्या ठिकाणी स्वर लावण्याआधी मी खालून घसरत येते. बहुतेक वेळा ते पंचमावर होते.

रियाज पहाटे पाऊण तास होऊ लागला आहे. संध्याकाळी आवाज बसत नाही. एकच अडचण आहे: मंद्रात धैवतापर्यंत स्वर येतो, पण तेथे थांबायला गेले की श्वास आधी संपतो आणि स्वर शेवटी थरथरतो. बाईंना पुढच्या मंगळवारी विचारणारच आहे, तोपर्यंत जुनी_वही यांनी काही सुचवले तर करून पाहीन.

जुनी_वही (डोंबिवली)

ताई, वाचून फार आनंद झाला. आधी रियाज पाऊण तासाचा अर्ध्या तासावर आणा. तीन आठवड्यांत एवढी वाढ नको.

मंद्र धैवतावर श्वास संपतो, कारण आपण खाली उतरताना आवाज ऐकू यावा म्हणून नकळत जास्त हवा सोडतो. मंद्रातला स्वर मोठा होत नाही, तो मोठा करायचाही नाही. तंबोरा लावा, निषादावर थांबा, तेथून धैवताला अगदी हलक्या आवाजात स्पर्श करा आणि श्वास निम्मा शिल्लक असतानाच निषादावरून षड्जावर परत या. धैवतावर थांबू नका. असे आठ-दहा वेळा झाले की एकदा एक मात्रा थांबून बघा. स्वर थरथरण्याच्या आधी सोडायचा, थरथरल्यानंतर नाही. मंगळवारी बाईंना हे करून दाखवा. त्यांनी वेगळे काही सांगितले तर त्यांचेच ऐका, कारण त्या तुम्हाला समोर बसवून ऐकत आहेत, मी नाही.